मढच्या बंगल्याचं मागचं दार

मुंबईत माझ्याइतकं झकास मरणारा दुसरा माणूस नाही. बावीस वर्षं मरतोय, पण अजून एका पोस्टरवर माझ्या पायाचा अंगठासुद्धा आलेला नाही.

मी बॉडी आहे. म्हणजे क्राइमच्या पिक्चरमध्ये जो मेलेला पडलेला असतो ना, तो. राहायला भांडुपला. शिक्षण तिसरी, तेही बाकावर झोपून. तेवढंच कामाला आलं.

काम सोपं वाटतं, पण नाही. श्वास पोटाने घ्यायचा नाही, पाठीकडून घ्यायचा, चोरून. पापणीच्या आत बुबुळ हलता कामा नये. मी मनातल्या मनात स्वतःच्या पायांकडे बघत राहतो. आणि शॉटच्या आधी जेवायचं नाही, भरलेलं पोट हलतं. हा नियम मी त्या दिवसापर्यंत कडक पाळायचो.

शिवाय एक रीत आहे. मेल्याचा शेवटचा शॉट झाला की मुर्द्याने कॅमेऱ्यात बघून हसायचं. तो हसरा शॉट घेतल्याशिवाय पॅकअप होत नाही. नाहीतर मरण अंगाला चिकटतं म्हणतात.

तर त्या दिवशी मढला एका बंगल्यात शूटिंग होतं. डिटेक्टिव्हचा पिक्चर. मोठा भाऊ, म्हणजे हिरो, धाकट्याचा खून करतो. इन्स्पेक्टर त्याला बेड्या घालत नाही. बॉडीच्या शेजारी बसवतो आणि म्हणतो, "गाडी यायला अर्धा तास आहे. बोल त्याच्याशी." मग तो बोलतो, रडतो, माफी मागतो. धाकटा मी. मला डायलॉग नाही, हे सांगायला नकोच.

सकाळी रिहर्सल झाली. बंगल्याचा वॉचमन, नाना, सत्तरीचा म्हातारा, भिंतीला टेकून सगळं बघत होता. आमची असिस्टंट श्वेता मॅडम, वय माझ्या मुलीएवढं, ऑर्डर माझ्या सासूसारखी, त्याला म्हणाली, "नाना, ते मागचं दार उघडून द्या ना. हिरो तिथून बाहेर येईल."

"किल्ली हरवलीय."

"कधी?"

"लय वर्षं झाली."

"मग कुलूप तोडू?"

"तोडायचं नाय." नानाने माझ्याकडे बोट केलं. "आणि याला त्या दाराच्या पायरीजवळ निजवू नका."

आता मला गप्प बसता येतं का? मी म्हणालो, "का नाना, आधीची बॉडी अजून उठली नाय काय?"

सगळे हसले. नाना नाही हसला. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे. माप घेतल्यासारखं.

मला पायरीजवळच निजवलं. हिरो बाजूच्या बोळातून येणार असं ठरलं. दोन शॉट झाले आणि लंच ब्रेक. युनिट पुढच्या कंपाउंडमध्ये जेवायला गेलं. मी तिथंच पडून राहिलो. तोंडाला राखाडी मेकअप, छातीवर सिरपचं रक्त, वरून पांढरी चादर. परत उठा, परत झोपा, कोण करणार?

मागची बाजू एकदम शांत झाली. इतकी, की माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला.

मग पाय घासत कोणीतरी आलं. तोंडावरची चादर सरकली. मला वाटलं मेकअपवाला, टचअपला आला. कपाळावर हात पडला. मेकअपवाल्याच्या हाताला पावडरचा वास असतो. या हाताला गंजलेल्या लोखंडाचा वास होता.

"बबन," नानाचा आवाज आला. "किल्ली हरवली नव्हती रे."

मी बुबुळं पायांकडे लावली. सवयीने.

"तू तीन हाका मारल्यास. दादा, दार उघड. मग म्हणालास, दादा, छातीत दुखतंय. तिसऱ्या वेळी नुसतंच दादा. मी आत खाटेवर होतो. जागा होतो. सकाळी भांडलो होतो ना आपण. म्हटलं, नाटक करतोय. लहानपणापासून नाटक्या तू. किल्ली उशीखाली होती, हाताला लागत होती. तू हितंच पडलास. लोकांना सांगितलं, मी बाजारात गेलो होतो."

हात कपाळावरून हलला नाही.

"बोल ना रे काहीतरी."

बावीस वर्षांत माझ्याकडे कोणी डायलॉग मागितला नव्हता. आज पहिल्यांदाच कोणी मागत होतं. डोळे उघडले तर म्हातारा जागच्या जागी जाईल अशी भीती. आणि नाही उघडले, तर? तेव्हा तो दाराच्या आत पडून हाक ऐकत होता, आता मी बाहेर पडून ऐकत होतो. दोघंही जागे.

मी नाही उघडले. तसाच पडून राहिलो. थोड्या वेळाने चादर परत तोंडावर आली. कडांनी नीट अंगाखाली खोचली. शूटिंगमध्ये चादर कोणी खोचत नाही.

लंच संपला. रोल, ॲक्शन. हिरो माझ्या शेजारी बसला. "मला माफ कर रे, छोट्या..."

आणि माझ्या डोक्यामागे कुलूप खटकलं.

बिजागरी केकाटली. आतली कोंदट हवा माझ्या कपाळावर आली, बरोबर तो हात होता तिथं. हिरोचा आवाज फाटला. मग तो रडायला लागला, खराखुरा, ग्लिसरीनशिवाय. डायरेक्टर सर दबक्या आवाजात म्हणाले, "कट करू नका कोणी." दारातून पाय घासत कोणीतरी येत होतं, माझ्याकडे.

आणि मी, मुंबईतला एक नंबरचा मुर्दा, ताडकन उठून बसलो.

"अरे मेलायस ना तू!" सर किंचाळले.

"सॉरी सर."

"काका, वाट लावलीत," श्वेता मॅडम म्हणाली. "सोन्यासारखा शॉट होता."

दारात नाना उभा होता. हातात गंजलेली किल्ली. "सापडली," एवढंच म्हणाला. बघत होता पायरीकडे.

रीटेक झाला. दार उघडंच होतं, पण हिरो आता ग्लिसरीनवर रडत होता. नंतर माझा हसरा शॉट. मला हसताच येईना. गाल लाकडासारखे झाले होते.

"काका, हसा ना, लाइट चाललाय!"

मी, मयतीत विनोद करून मार खाल्लेला माणूस, कॅमेऱ्यासमोर नुसते दात काढून बसलो. चौथ्या वेळी सर वैतागून म्हणाले, "चालेल, हसलाय असं समजा."

तोंड धुतलं आणि मागे गेलो. नाना पायरी झाडत होता. मागचं दार सताड उघडं. मी आवाज जरा जड केला. बावीस वर्षांनी डायलॉग मिळालाय, म्हटलं नीट बोलू.

"नाना, मी ऐकलं सगळं. मला वाटतं, तुमच्या भावाने माफ केलं असेल."

झाडू थांबला नाही.

"तुला विचारलं कोणी? मेलेल्याला मी रोजच सांगतो. आज जिता माणूस ऐकत होता म्हणून बोललो."

"तुम्हाला ठाऊक होतं, मी जागा आहे?"

नानाने पहिल्यांदा वर बघितलं.

"बॉडी म्हणवतोस स्वतःला? मी बोलत होतो तेव्हा तुझं पोट एवढं गुरगुरत होतं की मलाच थांबायला लागत होतं. जा, आधी जेवून घे."