पाकिटावरचं आडनाव

बोट मसाल्यात बुडवून त्यानं चाटलं. डोळे मिटले. "झकास!" म्हणाला. मग पाकीट फिरवून मागचं नाव वाचलं. माझं, आडनावासकट. खिशातून रुमाल काढला आणि तेच बोट पुसलं. घासून घासून पुसलं.

रविवार कारंज्याजवळचा ठोक व्यापारी. सटाण्यापासून घोटीपर्यंत दुकानांना माल पुरवणारा. त्यानं माल उचलला असता तर माझा काळा मसाला वस्तीबाहेर पडला असता. मोठं कांडप मशीन, स्वतःचा गाळा, चार बायांना काम. एवढं मनात धरून नवऱ्याला घेऊन गेले होते.

"माल चांगला आहे, ताई. पण हे नाव चालणार नाही."

"का?"

"लोक खातात हो हे. मी स्वतः काही मानत नाही, पण गिऱ्हाईक मानतं. आमचं नाव टाका. तुम्ही कुटा, आम्ही विकतो. आणि मशीन-बिशीन कशाला? तुमच्या लोकांनी झेपेल तेवढंच करावं."

मानत नाही म्हणे! असली माणसं. जातीचं खापर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फोडायचं आणि आपण नामानिराळं राहायचं.

ह्याच गल्लीत माझी आई मिरच्यांचे देठ खुडायची. हातांची आग आग व्हायची. तिच्या हातची मिरची अख्ख्या नाशिकनं खाल्ली. तेव्हा नाही कुणी आडनाव विचारलं. पोत्यावर नाव शेठचं होतं ना!

नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला. गप्प बस म्हणून.

मी पाकीट उचललं. "शेठ, बोट पुसलंत. जिभेचं काय करणार?"



बाहेर आल्यावर नवरा चिडला. "अगं, माल खपला असता! नाव घेऊन काय चाटायचंय?"

"आडनाव तुमचंच आहे. लाज वाटत असेल तर आत्ताच सांगा."

 त्यानं गाडी चालू केली.

त्या शेठनं आता दुसरीकडून मसाला कुटून घेतलाय. पाकिटावर देवीचा फोटो. छापू दे. मी मशीन घेतलं. गाळा अजून मिळालेला नाही. नाव ऐकलं की मालकांना अचानक भाचा आठवतो, त्यालाच द्यायचाय म्हणतात. मी पुढच्या मालकाकडे जाते. नवी पाकिटं छापून आलीत. आडनाव मागून पुढं घेतलंय, रस्त्यावरून वाचता येईल एवढं ठळक.

मी वाढणार. त्या शेठच्याच गल्लीत, त्याच्याच दुकानांत. नाव झाकून नाही.