बंद नळीतलं पाणी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर चुका काढायलाच वाचतो. कुणी लिहिलं की वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की माझा पहिला प्रश्न — चष्मा होता का तुझ्या डोळ्यावर? स्वभावच संशयी आहे माझा. दूधवाला दूध घालतो तेव्हा मी मापाचा तळ बघतो. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, आणि जिना उतरल्यावर परत वर जाऊन चौथ्यांदा. भुताखेतांचं सोडा, माझा माणसांवरच फारसा भरवसा नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. ज्यांना शंका काढायच्यात त्यांनी खुशाल काढाव्यात, मी त्या सगळ्या आधीच काढून बसलोय.

१९९९चा उन्हाळा. गाव संगमनेर. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका कापड दुकानाच्या वर, पत्र्याच्या खोलीत माझं आणि विलासचं लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग सेंटर होतं. विलास शूटिंग करायचा, मी कॉम्प्युटरवर बसायचो. नवरा-नवरी कमळातून उगवतात, मग बदामात शिरतात, मग चंद्रावर जाऊन बसतात — ते सगळे अत्याचार माझे. ज्यांनी ते पाहिलेत त्यांनी मला माफ करावं, तेव्हा लोकांना तेच हवं असायचं.

आता हे कमळ-चंद्र करायला कॉम्प्युटरला घाम फुटायचा. आमचा प्रोसेसर मी बोर्डावरच्या जंपरच्या पिना बदलून त्याच्या छापील वेगापेक्षा बराच जास्त पळवत होतो. हिवाळ्यात चालला, पण मार्च सुरू झाला आणि पत्रा तापला तसा ऐन मंगलाष्टकांत हँग व्हायला लागला. त्यात साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी सीझनमध्ये सगळ्या गावावर पडते, ती पंख्यात जाऊन बसायची. पंधरा दिवसांत पात्यांवर काळं पांघरूण.

विलासचं म्हणणं सरळ होतं. "सुऱ्या, मोठा हीटसिंक घे, त्यावर मोठा पंखा लाव, आठवड्याला ब्रश मार. विषय संपला."

हीटसिंक म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा. मला ते पटेना. पंखा कधी मरेल याचा नेम नाही. मला हवं होतं बंद पाण्याचं कूलिंग. प्रोसेसरवर तांब्याची पोकळ डबी, तिच्यातून पाणी फिरणार, बाहेर कॉइलमध्ये गार होऊन परत येणार. सगळं सीलबंद. धूळ नाही, काजळी नाही, आवाज नाही.

"पंखा बिघडला तर घरघर तरी करतो," विलास म्हणाला. "तुझं पाणी कमी झालं तर सांगणार कोण? आणि लेका, कॉम्प्युटरात पाणी सोडतोस? बापजन्मात ऐकलं नाही."

मी ऐकलं नाही. स्टँडजवळ रेडिएटर दुरुस्त करणारे रज्जाकभाई होते. त्यांच्याकडून जुन्या फ्रीजची तांब्याची नळी वळवून घेतली, तांब्याची डबी बनवून घेतली. फिशटँकची छोटी मोटर पितळी डब्यात बसवली. मधे वीतभर सलाइनची पारदर्शक नळी ठेवली, पाणी डोळ्यांनी दिसावं म्हणून. रज्जाकभाई म्हणाले, "सायेब, नळाचं पानी घालू नका, क्षार धरतंय. बॅटरीचं घाला." गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घातलं. मशीन असं गार पडलं की विलासही गप्प झाला. पण आठ-दहा दिवसांत पारदर्शक नळीत हिरवट शेवाळ धरलं, मोटर तुंबली. पाणी बदललं, पुन्हा तेच.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की कधीच न नासणारं पाणी आपल्या घरात आहे.

इथे आत्याबद्दल सांगायला हवं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. वडिलांच्या बहिणीने, शेवंताआत्याने, मला वाढवलं. विड्या वळून. संगमनेरात विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं ओळखू येतात, तशी तिची होती. माझी डिप्लोमाची फी त्या बोटांतून आली. तिने आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट केली — बरोबरच्या बायकांसोबत एकदा काशीला जाऊन आली. येताना गंगेचं पाणी भरलेला तांब्याचा गडू आणला, तोंडाला डाख लावून बंद केलेला. तो देवघरात होता. वर्षातून एकदा तरी ती म्हणायची, "सुऱ्या, मी जाताना ह्यातलंच पानी घालायचं तोंडात. दुसरं न्हाई. शबूद दे." आणि मी प्रत्येक वेळी शब्द द्यायचो.

गंगेचं पाणी नासत नाही हे तीच सांगायची, आणि मी तिची टिंगल करायचो. पण गरज पडली तेव्हा देवावर विश्वास नसलेल्या या शहाण्याने नेमका त्याच गोष्टीवर विश्वास ठेवला. एका दुपारी आत्या आणि माझी बायको मंदा बाजारात गेल्या असताना मी गडूचा डाख काढला, पाणी बाटलीत ओतलं, गडूत नळाचं पाणी भरलं आणि माझ्याच सोल्डरिंगने तोंड पुन्हा बंद केलं. वरून सुईने एक बारीक फुली मारली — पुढेमागे कुणी उघडलं तर कळावं म्हणून. चोरी मी करत होतो आणि संशय दुसऱ्यांचा घेत होतो!

मनाची समजूत काय घातली? उसनं घेतोय. आत्या ठणठणीत आहे. वेळ आली तर मशीनमधून काढून देऊ.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. मंदाला नाही, विलासला नाही. रज्जाकभाईंना बाटली दिली तेव्हा म्हणालो, स्पेशल पाणी आहे. गळती झालीच तर दिसावी म्हणून त्यात चिमूटभर जिलबीचा केशरी रंग टाकला. रज्जाकभाईंनी कॉइलचं पाणी भरायचं तोंड डाख लावून बंद केलं, त्यावर मी लाख ओतली आणि ओल्या लाखेत माझ्या किल्लीच्या जुडग्यातलं जुनं नाणं दाबलं. ते नाणं माझ्या खिशातून कधी हललं नाही.

पाच आठवडे मशीन झकास चाललं. शेवाळ नाही, काही नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की मी कॅबिनेटचं झाकण काढून नळीतलं केशरी पाणी बघायचो, मगच खुर्चीत बसायचो.

मे महिन्यातली ती सकाळ. नऊ वाजता मी नळी बघितली. भरलेली होती. हे मी कुठेही शपथेवर सांगेन. मग पारनेरकडच्या एका लग्नाचं काम लावलं. विलास समोर बसून कॅसेटवर नावं लिहीत होता. आम्ही दोघंही खोलीतून हललो नाही, चहासुद्धा वर मागवला. साधारण अकराला मशीन एकदम बंद पडलं आणि आतून मोटरची कोरडी घुरघुर ऐकू आली.

झाकण काढलं. पारदर्शक नळी रिकामी. रिकामी म्हणजे एक थेंब नाही, आतून पुसून घेतल्यासारखी.

मी आधी खाली बघितलं. कॅबिनेटच्या तळाशी मी पांढरा कागद अंथरला होता. कोरडा. टेबल कोरडं, फरशी कोरडी. मग लाख बघितली. नाण्याचा ठसा जसाच्या तसा, मी भिंगातून बघितला. मग मी विलासकडे बघितलं.

"काय केलंस?" मी म्हणालो.

"मी? मी इथं बसलोय तुझ्यासमोर."

"तुला पहिल्यापासून हे नको होतं. पंख्याचं घोडं पुढं दामटायला काहीतरी केलंस तू."

तो उठून उभा राहिला. "सुऱ्या, बारा वर्षांची दोस्ती आहे म्हणून ऐकून घेतो. तुझ्या पाण्याला हात लावायला मला काय खाज आहे? आटलं असेल."

"सीलबंद आहे ते! आटून जाईल कुठं?"

आवाज इतके चढले की खालच्या कापड दुकानातून पोऱ्या बघायला आला. आणि तेवढ्यात फोन वाजला. मंदा होती, शेजारच्यांकडून बोलत होती. "अहो, लगेच या. आत्यांना छातीत कळ आली. डॉक्टर येऊन गेले, दवाखान्यात न्यायला नको म्हणाले... आत्या गडू मागतायत."

फोन ठेवून मी पुन्हा त्या नळीकडे बघितलं. एक चमचा तरी निघावा म्हणून कॉइल उपसून, उलटी करून हलवली. काही नाही. विलास म्हणत होता, "अरे आत्याकडे जा, हे काय करतोस?" त्याला काय सांगणार?

लुना काढली आणि नदीपलीकडे घराकडे निघालो. वाटभर एकच विचार. तिला सांगावं की हे नळाचं आहे? मरणाऱ्या माणसाला? की गप्प बसून तेच घालावं? मी गप्प बसायचं ठरवलं. मला माझी शिसारी आली, पण ठरवलं.

आत्या खाटेवर होती, डोळे उघडे. मला बघून म्हणाली, "आलास व्हय? लई उशीर केलास. आन गडू."

मी देवघरातून गडू उचलला. डाख बघितला — माझाच, वर माझी फुली. मंदा आणि शेजारच्या काकू बघत असताना मी पेचकसने तोंड उघडलं आणि स्टीलच्या वाटीत पाणी ओतलं.

ते केशरी होतं.

फिकट, पण केशरी. मंदा हळूच म्हणाली, "तांब्याचा रंग उतरला असेल हो, जुना गडू आहे." तांब्याचा उतरतो तो हिरवा. हे मला माहीत होतं, आणि मी "हो" म्हणालो.

तुळशीचं पान बुडवून दोन चमचे तिच्या तोंडात घातले. तिने गिळलं आणि म्हणाली, "कोमट का रं हाय पानी?"

देवघराची खोली घरातली सगळ्यात गार. मी वाटीला बोट लावलं. पाणी कोमट होतं. मशीनमधून पाणी फिरून येतं, तेव्हा ती नळी हाताला जेवढी कोमट लागायची, तेवढंच.

आत्याने माझा हात धरला, विड्यांच्या त्या खरखरीत बोटांनी. "शबूद पाळलास बाळा. तुझं सोनं होईल." तिसऱ्या प्रहरी ती गेली.

आता शंका. कुणी गडू बदलला? घरात एकच गडू होता, आणि फुली माझी होती. विलासने? तो दोन तास माझ्या समोर होता, आणि गडूचं त्याला माहीतच नव्हतं. मंदाने? तिला मशीनमधलं पाणी कुठलं हे ठाऊक नव्हतं. मी बायकोची, तिला न दुखावता, महिनाभर उलटतपासणी केली. "काय झालंय तुम्हाला?" एवढंच ती विचारायची. मीच केलं आणि विसरलो? हाही संशय मी घेतलाय. पण नऊ ते अकरा मी दुकानात होतो, आणि त्याला साक्षीदार विलास आहे. उरलेलं पाणी तपासून घ्यायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं. तोवर ते अस्थींबरोबर प्रवरेत गेलं होतं.

कॉइल मात्र तपासली. रज्जाकभाईंनी लाख फोडून, आत हवा भरून, ती पाण्याच्या टाकीत बुडवली. रेडिएटरचं भोक ते असंच शोधायचे. एक बुडबुडा आला नाही. मग करवतीने कापली. आत कोरडी ठणठणीत, रंगाचा डागसुद्धा नाही. रज्जाकभाईंनी ते तुकडे दोनदा उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "सायेब, ह्याच्यात पानी भरलं व्हतं, हे मी माझ्या हातानं केलं नसतं तर तुमाला खोटं ठरवलं असतं." तुकडे मी मागितले, तर म्हणाले, इथंच राहू द्या. मजुरीही घेतली नाही त्यांनी.

विलासची माफी मागायला मला दोन वर्षं लागली. खरं कारण तेव्हाही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, पंखाच बरा. मशीनला मोठा हीटसिंक आणि पंखा लावला, जंपर पुन्हा होते तसे केले. ते भंगारात जाईपर्यंत घरघर करत चाललं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. एखाद्या माणसाने हे केलं असतं तर मी त्याला शोधून काढलं असतं, तेवढा चिवट आहे मी. पण जे कुणालाच माहीत नव्हतं ते करणार कोण? आत्याला तिचं पाणी मिळालं. मी दिलं नव्हतं, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे. आशीर्वाद मात्र मी घेतला, मान खाली घालून, सगळ्यांसमोर. तो कुणाचा होता ते कळलं, तर मी त्याला देऊन टाकीन.