खामच्या पुलावरचा पिंपळ

दत्तूमामा गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "आणि पुलाचं काय?" माणूस गेला आणि मी पुलाचं विचारते... पण ती रागावली नाही. म्हणाली, "जाताना ते बी ह्येच इचारीत होते." या गोष्टीला आता दीड महिना होईल.

दत्तूमामा जुने गवंडी, चुन्याच्या कामातले. आमची ओळख भांडणातून झाली. खाम नदीवरच्या दगडी पुलाच्या कठड्यात पिंपळ उगवला होता आणि मी दर शनिवारी त्याला तांब्याभर पाणी घालायचे. एके शनिवारी खालून, कमानीतून आवाज आला, "ताई, पाणी नका घालू तिथं! मुळ्या लई खोल गेल्यात, पूल उकलंल."

"पिंपळ तोडणार तुम्ही? हिंमत तर बघा!" मी काय कमी तोंडाची आहे का!

"तोडतंय कोण? हलवितो. त्याला जमीन पायजे, पुलाला चुना."

त्यांनी खरंच तो मुळासकट काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि करमाडला आपल्या शेताच्या बांधावर लावला. माझं पुण्य आणि पूल, दोन्ही वाचवले. मग दर पावसाळ्यानंतर मीही त्यांच्यासोबत खाली उतरू लागले. खांबांची प्रवाहाकडची बाजू टोकदार का असते, कमानीचा मधला दगड सगळ्यांत शेवटी का बसवतात, हे मला पन्नाशीत कळलं. सिमेंटचं नाव काढलं की मामा भडकायचे. "दगडाला दम कोंडून मारता व्हय?"

यंदा तिसऱ्या कमानीत हातभर पिंपळ आला. ठरवलेले दोन मजूर आले, झाडाला हात जोडून परत गेले. मामांशिवाय हे आपल्याच्यानं होणार नाही, असं वाटून मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला बोलावलं आणि म्हटलं, "शिडी धर."

तासाभरानं पिंपळ मुळासकट हातात आला. भेगेत चुना भरताना शेजारचा सांधा दिसला, मामांनी गेल्या वर्षी भरलेला. त्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता, रेषांसकट, वाळून कडक झालेला. मी त्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. ठसा मोठा होता, खूपच मोठा... डोळे भरून आले. मग शेजारी, ओल्या चुन्यात, माझा अंगठा जोर लावून दाबला.

"भरला का?" सुनेनं खालून विचारलं.

"भरला. पुढच्या वर्षी वर तू चढायचंस."