नुसत्या देठाची फुलं

कुठून सुरुवात करू तेच समजत नाही बघा. भोपळ्यापासून केली तर माझी अब्रू जाते, आणि माझ्यापासून केली तर भोपळ्याची! पण चहा ओतलाच आहे तर ऐका. फक्त मधे हसायचं नाही. ही माझ्या आईच्या वर्षाच्या दिवसाची गोष्ट आहे.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेल्या. अव्वा गेली ती ऐन ज्येष्ठात. मागे राहिलं ते दोन इरकली लुगडी आणि पत्र्याच्या डब्यात राखेत घोळून ठेवलेलं लाल भोपळ्याचं बी.

तुम्ही म्हणाल, भोपळ्याचं बी हा काय वारसा झाला? अहो, तो भोपळा तुम्ही खाल्लेला नाही! चपटा, खोल खाचांचा, आतून थेट हळद. त्याच्या घाऱ्यांना गूळ लागत नसे. अव्वाने ते बी माहेराहून, अक्कलकोटच्या पलीकडून आणलं होतं. दरवर्षी एक भोपळा बियाला राखायचा आणि पुढच्या वर्षी त्यातलं लावायचं, असं तिने ते आयुष्यभर चालवलं. बाजारात ते मिळत नाही.

डबा गेला अक्काकडे. अक्का माझी थोरली बहीण, करकंबला दिलेली, शेतात राबणारी बाई. खरं तर बी तिच्याकडेच राहायला हवं होतं. पण मी पडलो अव्वाचा एकुलता एक मुलगा. शिवाय मास्तर. म्हणजे येतं ते शिकवायचं आणि येत नाही ते जास्त जोरात शिकवायचं.

मी अक्काला फोन केला. "अव्वाच्या वर्षाला अव्वाच्याच भोपळ्याच्या घाऱ्या झाल्या पाहिजेत. आणि तो भोपळा मी लावणार."

"कुटं लावणार?"

"गच्चीवर."

"सोलापुरात? उन्हाळ्यात? गच्चीवर?" अक्काने तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले.

मी म्हटलं, "मुलगा आहे मी तिचा."

यावर तिने फोन ठेवून दिला. महाशिवरात्रीला घरी आली तेव्हा तिने माझ्या हातावर एक पुडी ठेवली. म्हणाली, "जप, शिवू. एवढंच हाय."

मी प्लास्टिकचा पिंप अर्धा कापून घेतला, त्यात माती आणि शेणखत भरलं, बी लावलं. उगवलं छान. मग ऊन सुरू झालं. आता सोलापूरच्या उन्हाचं तुम्हाला काय वर्णन करू? गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल दुसरी पिन लावेपर्यंत वाळतो. काही रोपं त्या उन्हाने नेली. उरली त्यांच्यावर लाल भुंगेरे आले आणि पानांची चाळण करून गेले. मी राख भुरभुरली, कडुनिंबाचा पाला उकळून शिंपडला. शेवटी हाताला लागला फक्त एक वेल.

मग त्या वेलाची मी काय सेवा केली! नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मी परातीत उभा राहून आंघोळ करायचो आणि ते पाणी वर न्यायचो. साबण सोडला. वेलावर सावलीला आमच्या लग्नातल्या आहेराच्या सोलापुरी चादरी बांधल्या. आमची महानंदा, म्हणजे बायको, खालून ओरडायची, "मी बाळंतीण होते तेव्हा साधी खिडकी लावून घेतली नव्हती तुम्ही!"

चैत्र संपता संपता वेलाला फुलं आली. पिवळीधमक, पंजाएवढी. मी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते. पण एकही धरेना! दुसऱ्या दिवशी मान टाकायची आणि गळायची.

मी मोबाइलवर शोधलं. एक गृहस्थ सांगत होते की वेलाला दोन जातींची फुलं येतात. ज्याच्या बुडाशी इवलासा गोळा असतो ते मादीचं, भोपळा त्यालाच धरतो. आणि नुसत्या लांब देठाचं असतं ते नराचं, त्याला काही धरत नाही. पुढे ते आणखी काही सांगणार होते, पण तेवढ्यात मला सगळं समजलं आणि मी मोबाइल बंद केला.

म्हटलं, हे बिनकामाचे नर माझ्या आंघोळीचं पाणी पितात? दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाच्या आधी गच्चीवर जायचं आणि नुसत्या देठाचं फूल दिसलं की खुडायचं. बेसनात बुडवून त्यांची भजी केली. काय लागतात म्हणून सांगू! शेजारच्या चार घरांना वाटली.

महानंदा एकदा म्हणाली, "अहो, झाडाला उगाच काही येईल का?"

मी तिला वेलाच्या ताकदीचं वाटप समजावून सांगितलं. ती कणीक मळायला निघून गेली.

मग खरंच मादीची फुलं आली. बुडाशी गोट्यांसारखे हिरवे गोळे! दोन दिवस टुमटुमीत राहायचे, तिसऱ्या दिवशी पिवळे पडून टपकन खाली. मी निदान केलं, फळमाशी. पुन्हा मोबाइल पाहायची काय गरज होती? फुलांभोवती घोंघावणाऱ्या माश्या मला दिसतच होत्या. डास मारायची ती विजेची रॅकेट असते ना, ती घेऊन मी सूर्य उगवल्यापासून स्टुलावर बसायला लागलो. एक माशी फुलावर टेकू दिली नाही. मधमाशीसुद्धा! माशी ती माशी.

त्यातच अक्काचा फोन आला. "किती धरलेत रं?"

त्या दिवशी एक गोळा चांगला लिंबाएवढा दिसत होता. मी सांगून टाकलं, "एक धरलाय. दगडासारखा!"

तिला इतका आनंद झाला की तिचा आवाजच बदलला. "शिवू, अव्वाचा जीव थंड झाला असंल बघ."

संध्याकाळी तो गोळा गळाला. पण फोनवर गळालेला सांगायचा कसा? दर आठवड्याला अक्का विचारायची, "आता केवढा हाय?" आणि मी सांगायचो. नारळाएवढा झाला. तांब्याएवढा झाला. कळशीएवढा झाल्यावर मी थांबलो, कारण तो मलाच उचलायचा होता. महिनाभर तो भोपळा माझ्या तोंडातच वाढत होता.

वर्षाचा दिवस दोन दिवसांवर आला. वेलावर पानं होती, चादरी होत्या, आणि भोपळा नव्हता. मी पिशवी घेऊन मंडईत गेलो.

"पाव काढू का अर्धा?" भाजीवाल्याने विचारलं.

"अख्खा द्या, जमेल तेवढा चपटा. आणि देठ लांब पाहिजे."

"देठाची भाजी करताय व्हय?"

मी पैसे दिले. घरी येऊन महानंदाच्या हिरव्या लोकरीने तो भोपळा वेलाला बांधला, खाली चुंबळ ठेवली, वर दोन पानं सारली. अगदी धरल्यासारखा दिसायला लागला. महानंदा दारात उभी राहून बघत होती.

ती म्हणाली, "अहो, सासूबाईंचा दिवस आहे. सांगून टाका ताईंना."

"सांगतो," मी म्हटलं. मला खरंच सांगायचं होतं.

अक्का आली. हातात जड पिशवी. मी घ्यायला गेलो तर "राहू दे रं" म्हणून तिने ती स्वतःच स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात ठेवली. पाणीसुद्धा न पिता आधी गच्चीवर. चादर बाजूला केली आणि त्या भोपळ्यासमोर खाली बसली. तापलेल्या फरशीवर! त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अव्वा, बंद्या?" ती कानडीत म्हणाली. म्हणजे, आलीस का?

आणि रडायला लागली. अव्वा गेली तेव्हा पाहुणे, विधी करणारे स्वामी, स्वयंपाक यांच्या गडबडीत तिला रडायला सवडच मिळाली नव्हती. आता वर्षाने ती मंडईतल्या भोपळ्याच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मी लोकर दिसू नये म्हणून देठ मुठीत धरून उभा होतो. मला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. अशा माणसाला त्या वेळी कसं सांगणार?

भोपळा खाली आणला. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, ती पुरुषाने लावायची. पुढचं चिरणं, सोलणं, किसणं, तळणं बायकांचं. काही घरांत पुरुष एवढ्याच कामासाठी ठेवलेले असतात.

"घाल सुरी, शिवू," अक्का म्हणाली.

मी अव्वाच्या फोटोकडे न बघता सुरी घातली. भोपळा फिकट पिवळा निघाला. वाईट नव्हता, पण हळद नव्हे.

मी सबब शोधायला लागलो. तर अक्काच म्हणाली, "ऊन किती व्हतं बिचाऱ्याला! उन्हानं रंग उडाला असंल." आणि बी गोळा करायला बसली. एकेक बी बोटाने पुसून ताटलीत ठेवत होती. "फुलं मातर लई आली असतील की?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? महानंदाने डोळे मोठे केले. "अहो, जरा घागर भरा." पण समोर कुणीतरी विचारतंय आणि मास्तर गप्प बसेल?

"लई! पण मी शिस्त लावली. नुसत्या देठाची सगळी खुडून टाकली. भजी केली."

अक्काचा हात थांबला. "सगळी?"

"एक ठेवलं नाही!"

"आन् मधमाश्या?"

"एक टेकू दिली नाही. रॅकेट घेऊन बसत होतो मी."

अक्काने ताटली खाली ठेवली. फिकट फोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नवरा न्हाय, लग्न लावणारा न्हाय," ती सावकाश म्हणाली, "मग हे पोर कुणाचं रं?"

महानंदाने पदर तोंडाशी नेला. आणि अव्वाच्या फोटोसमोर, हातात सुरी घेऊन, मला सगळा उलगडा झाला. नराचं फूल कशाला असतं, माश्या कशाला असतात, आणि त्या मोबाइलवरच्या गृहस्थांना पुढे काय सांगायचं होतं.

"बरं तरी, ह्यांच्याकडे शाळेत भूगोल आहे," महानंदा म्हणाली. "आणि बिनकामाचे नर असे काढून टाकायचे असते तर मी कधीच..."

पुढचं तिने बोलायचं टाळलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लोकर, मंडई, लांब देठ, सगळं मी सांगितलं. "अक्का, अव्वाचं बी मी संपवलं. तू दिलेलं सगळं गेलं. एवढी वर्षं तिने जपलं आणि माझ्या हातात आलं तसं भज्यांत गेलं."

अक्का उठली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. लहानपणी बसायची. ती कोपऱ्यात गेली आणि पिशवीतून लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं.

चपटा. खोल खाचांचा.

"घाल सुरी," ती म्हणाली.

हळद! घरभर वास सुटला. अव्वाच्या स्वयंपाकघरातला वास.

"उकिरड्याकडंला टोचलं व्हतं बी. पाणी बी न्हाय घातलं ध्यान देऊन," अक्का म्हणाली. "तुझा धरलाय म्हणालास. खरं वाटलं मला. तुझाच कापायचा व्हता आज. ह्यो तसाच परत नेला असता गपचूप, तुला दावला बी नसता."

"पण तू तर म्हणाली होतीस, एवढंच आहे!"

अक्काने अव्वाच्या फोटोकडे बघितलं. "अव्वा जायच्या आधी बोलली व्हती मला. 'शिवू बी मागंल. न्हाय म्हणू नको, त्याला वाईट वाटंल.'" तिने माझ्या हातातून सुरी काढून घेतली. "'पण सगळं देऊ नको,' म्हणाली."

त्या दिवशी घाऱ्या झाल्या, गुळाशिवाय. मंडईतल्या भोपळ्याची भाजी झाली आणि तीच माझ्या पानात जास्त वाढली गेली.

संध्याकाळी अक्काला एसटीत बसवलं. गाडी निघता निघता तिने खिडकीतून माझ्या हातात एक नवी पुडी कोंबली.

"जप, शिवू," ती म्हणाली. "एवढंच हाय."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती घाईघाईने कंडक्टरकडे बघायला लागली. आणि काय सांगू, कुणाचं खोटं बोलणं ऐकून मला जन्मात इतका धीर आला नव्हता.