शालोमकाकांचा नमुना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही आमच्यातले नाही, म्हणून जमत असेल कदाचित.

आम्ही पेणचे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. आमच्यातही गोरे आणि काळे होते, माहीत आहे? रंगाचा संबंध नाही. बाप आमच्यातला पण आई बाहेरची, की त्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या काळे म्हणायचं. मशिदीत — आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो — द्राक्षरसाचा प्याला त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी जायचा. रोह्याचे शालोमकाका त्यांच्यातले. धाटावला कंपनीत होते. उरलेला घोट हसून घ्यायचे. मला ते आवडायचे — हे खोटं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या. पुरुषांच्या गालात कापसाची काडी फिरवायची, बापाकडून मुलाकडे येणारं वाय गुणसूत्र तपासायचं, आमचे मूळपुरुष कुठले ते शोधायचं. मी मास्तर, म्हणून माणसं जमवायचं माझ्याकडे आलं. काकांना कळलं तेव्हा केवढे खूश झाले! “म्हंजे आईकडचं बगीत नाय? मंग माजा बाप, आजा, सगले इस्रायलच की रं!”

खरंच होतं. आणि मला त्याहून जास्त माहीत होतं. वडिलांनी एकदा दार लावून सांगितलं होतं — काकांचे आजोबा आणि माझे पणजोबा एकच माणूस. कासू गावात त्याने बाहेरच्या बाईशी दुसरं घर केलं होतं. आमच्या दोन काड्यांत एकच बाप निघाला असता. बहिणीचं लग्न ठरत होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तिला कशाला मध्ये ओढू? मला लाज वाटली, बस्स.

काका पहिली शिफ्ट करून, इस्त्रीचा शर्ट घालून रोह्याहून आले. मी त्यांना आमच्या फाटकातच गाठलं. काड्या संपल्या, म्हणालो. बाई आत चहा पीत होत्या, टेबलावर काड्यांचं अख्खं पाकीट होतं. “नाय तर नाय,” काका म्हणाले. “पानी तरी दे.” ते मी फाटकावरच आणून दिलं — आत घेतलं असतं तर?

पुढे भेटले की विचारायचे, बाई परत कधी येतील? येतील, मी म्हणायचो.

ते वारले तेव्हा मी रोह्याला गेलो. काकांना मुलगा नव्हता. मुलगा नसला की मेलेल्यामागची प्रार्थना बापाकडचा जवळचा पुरुष म्हणतो. असा कुणी आहे का, म्हणून विचारलं गेलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी मागे उभा होतो. मीही शेजारच्याकडे बघितलं.