आईची ओवी, खोकल्यासकट

आई गेली तेव्हा मी रडले नाही. हे मी आजही छाती ठोकून सांगते, कारण धुळ्यातल्या आमच्या गल्लीने तो गुन्हा माझ्या माथी मारला होता. मी बारा वर्षांची होते; सत्तर साल अजून उजाडायचं होतं. बायका गळ्यात गळे घालून हेल काढत होत्या आणि मी कानांत बोटं घालून कोपऱ्यात पुढेमागे डुलत होते. "पोर शे का दगड शे?" आत्या म्हणाली. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर घर तिच्याच हातात आलं.

आता डॉक्टर मला स्वमग्न म्हणतात. म्हणोत बापडे! तेव्हा "येडी" एवढं एकच नाव होतं. मला माणसांचे चेहरे वाचता येत नसत. कोणी जवळ घेतलं की अंगावर काटा यायचा. पण कुठे जातं फिरायला लागलं आणि त्यावर ओवी चढली, की माझे हातपाय गार पडायचे. माझं दुःख मला तिथे भेटायचं. ते काय लोकांना दाखवायला अंगणात मांडून ठेवू?

वर्ष सरलं. श्रावणात आमच्या खानदेशातली देवी, कानबाई, घरोघर बसायची वेळ आली. आत्याने नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागे टुमणं लावलं होतं: सण झाला की हिला शिरपूरकडच्या मामाच्या मळ्यात धाडून दे, गुरं राखील, हिला कुठे कोणाची माया आहे? नाना नाही म्हणत नव्हते. मला ते घर सोडायचं नव्हतं. तिथल्या जात्यावर आई दळायची.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आमच्यात गिरणीत नेत नसत, घरच्या जात्यावरच दळायचे. गहू घ्यायचे घरातल्या एकेका बाप्याच्या नावाने, सव्वा मूठ. बायका-पोरींच्या नावाने काही नाही. रांधायला तेवढ्या आम्ही! आत्या आणि शेजारणी दळायला बसल्या. आत्याने आईचीच ओवी धरली, पण खुंटा असा गरगरा फिरवला की ओवीचा पार भुगा झाला. मला सहन होईना. मी धावत जाऊन खुंटा धरला.

"आई असं म्हणत नव्हती!"

आत्याने हात उगारला. मी हलले नाही. जातं आईच्या चालीने, सावकाश फिरवलं आणि ओवी म्हटली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरकायचा, तिथे मीही चिरकवला. शेवटच्या ओळीआधी तिला खोकल्याची ढास लागायची. ती ढासही काढली, तेवढीच, तश्शीच. छातीत असं दुखलं की आता मीच मरते की काय! डोळे मात्र कोरडे ठाक.

दारात नाना उभे होते. ते मटकन खाली बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून रडले.

"देख भाऊ," आत्या म्हणाली, "आते बी हाई रडनी नही!"

नानांनी तोंड पुसलं.

"अक्का, तुमी समद्या रडन्यात नि इसरी ग्यात. हाई एकलीच मायले ध्यानमा ठेवी बठनी. हिले कोठेच धाडानं नही."