थंड कपाटाची काजळी

सातपुड्यातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. दवाखान्याचं छप्पर गळायचं, म्हणून सरकारी फ्रिज माझ्याच खोलीत आणून ठेवला होता. वीज नव्हती, तो रॉकेलवर चालायचा. खाली टाकी, टाकीत वात, वातीची धग मागच्या नळीतून वर जायची आणि आत गारवा धरायचा. आगीने थंड होणारी ही वस्तू मला कधी पटली नाही, पण चालत होती तोवर मी खोलात शिरले नाही.

होळीच्या तोंडावर पाड्यावरची एक बाई आली. पिसाळलेल्या कुत्र्याने तिची पोटरी फोडली होती. रोज एक, अशा चौदा सुया पोटात घ्यायच्या होत्या. तिचा पाडा दोन तासांच्या चढावर. रोज ये-जा करताना एखादी सुई चुकायची, म्हणून मी तिला माझ्या ओट्यावरच ठेवून घेतलं. नऊ सुया झाल्या. उरलेल्या लसीच्या पाच बाटल्या फ्रिजमध्ये होत्या आणि डॉक्टर दौऱ्यावर गेले होते.

मी एका बाळंतपणाला गेले होते, ती दुसऱ्या दिवशी सकाळी परतले. खोली लख्ख सारवलेली. सणाला घर असं उघडंबोडकं कसं ठेवायचं, म्हणून तिने दवाखान्याच्या चपराशाला हाताशी धरून फ्रिज बाजूला सरकवला होता, माती-शेणाचा जाड थर दिला होता आणि फ्रिज पुन्हा जागेवर ठेवला होता. सांडलेलं पाणी बाहेर वाहून जावं म्हणून सगळेच ठेवतात तसा दाराकडे चांगला उतारही ठेवला होता. मी फ्रिज उघडला. आत गारवा नव्हता. बाटली हाताला कोमट लागली.

माझं तोंड तेव्हा फार तिखट होतं. "कोनी सांगं व्हतं तुले हात लावाले? तुन्हीच दवाई शे ती. तुले मरनं शे का?"

नखांत अजून शेण सुकलेले हात तिने लुगड्याला पुसले.

मी बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवल्या आणि कामाला लागले. फ्रिज कलता असला की आतला खेळ थांबतो, एवढं मला सांगितलेलं होतं. परात काठोकाठ भरून वर ठेवली. पाणी दाराच्या बाजूने सांडलं. त्या बाजूच्या पायांखाली कौलाचे तुकडे सारत गेले, परातीतलं पाणी सगळीकडून सारखं होईपर्यंत. मग वाट पाहत बसले. तासाला दार उघडून हात घालायचा आणि तसाच काढायचा. टाकीत रॉकेल होतं, वात जळत होती. दुपार झाली तरी आत ढिम्म.

सुई द्यायला ओट्यावर गेले, तर ओटा रिकामा. चपराशी खाली मान घालून म्हणाला, "ती चालनी गयी, बाई. तुम्ही बोलनात ना, म्हनीसन."

एक दिवस खंड पडला तर काय होतं हे मला सांगता आलं नसतं, आणि विचारायला कोणी नव्हतं.

मग मी टाकीच ओढून बाहेर काढली. मागच्या नळीत तारेला चिंधी बांधून घातली आणि खाली ओढली. काजळी पडली, ओंजळभर. ती एका दिवसाची नव्हती. ऊन वाढलं तसा गारवा कमी पडायला लागला होता, आणि चुलीचा जाळ वाढवावा तशी मी रोज वात वर करत होते. ज्योत निळी हवी, ती पिवळी होऊन धूर सोडत होती आणि नळी बुजत होती. आतला थर्मामीटर तीन दिवस चढलेला मी पाहिला होता. उन्हाळा आहे, म्हणून सोडून दिला होता. म्हणजे सारवण कालचं, आणि बिघाड त्याच्या आधीचा, माझ्या हातचा. म्हणजे आठवी आणि नववी सुईही कोमट दवाईचीच गेली होती.

वात कापून सारखी केली, ज्योत निळी केली. गारवा यायची वाट बघायला वेळ नव्हता. माठाजवळच्या बाटल्या तशाच घेतल्या आणि चपराशाला घेऊन चढ चढले. ऊन कलता कलता पाड्यावर पोचले. ती मोहाची फुलं वाळत घालत होती.

"चूक मन्ही शे. तुन्ही नही," मी म्हणाले. बाकीचं चपराशाने तिच्या बोलीत सांगितलं: दवाई कोमट झाली आहे, आधीच्या दोन सुयाही झाल्या असतील, लागू पडेल की नाही मला माहीत नाही. तिने ऐकून घेतलं, फुलं बाजूला सारली आणि पोट उघडं करून आडवी झाली. मी दहावी सुई दिली.

उरलेल्या सुया मी वर जाऊनच दिल्या. डॉक्टर आल्यावर त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी दोन वाढीव सुया मागवून दिल्या. त्यापुढे काही करण्यासारखं नव्हतं. हा आजार महिनोन्महिने दबा धरून बसतो, आणि उठला की रुग्णाला पाण्याचा घोट गिळता येत नाही.

दर आठवड्याला ती मोलगीच्या बाजाराला जाताना माझ्या दारावरून जायची. मी तिला थांबवायचे, तांब्या पुढे करायचे आणि तिच्या गळ्याकडे बघत राहायचे. वर्षभर बघत राहिले. ती मात्र बाजारात सगळ्यांना कौतुकाने सांगायची की दवाखान्यातली बाई मला पाणी पाजल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.